लकव्यानंतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, पण पेशंट पहिल्यासारखा होईल का? डॉक्टर हा अंदाज कसा बांधतात?

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका गावात ६२ वर्षांचे एक शेतकरी सकाळी ७ वाजता गोठ्यात धार काढत होते. अचानक उजव्या हातातून चरवी सुटली. उठायला गेले तर उजवा पाय साथ देईना. मुलाने हाक मारली, तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि शब्द फुटेना.

शेजारी जमले. कुणी म्हणालं, "अंगावरून वारं गेलं." कुणी म्हणालं, "लकवा मारलाय." गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. परभणीच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत पावणेनऊ वाजले. सीटी स्कॅन झालं, रक्त तपासलं आणि १० वाजता गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं.

यानंतर आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या घरच्यांचा प्रश्न एकच असतो. "डॉक्टर साहेब, दादा पहिल्यासारखे चालतील ना?"

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर डॉक्टर नुसत्या अनुभवावर देत नाहीत. त्यासाठी मोजमापं आहेत, गुण देण्याच्या पद्धती आहेत आणि हजारो रुग्णांची माहिती आहे. हा अंदाज कसा बांधतात आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, ते समजून घेऊया.

हे इंजेक्शन नेमकं काय करतं?

स्ट्रोक म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक बिघडणं. तो मुख्यतः दोन प्रकारे बिघडतो. एकतर रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो.

मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या स्ट्रोकच्या नोंदणीत ४५६ रुग्ण होते. त्यातल्या ८०.२ टक्के रुग्णांना गुठळीचा स्ट्रोक होता, तर १७.७ टक्के रुग्णांना रक्तस्रावाचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. फरक सीटी स्कॅनमध्येच कळतो. म्हणून स्कॅनशिवाय हे इंजेक्शन देता येत नाही. रक्तस्राव असलेल्या माणसाला गुठळी विरघळवणारं औषध दिलं, तर जीवावर बेतू शकतं.

या औषधाचं नाव अल्टेप्लेस. काही ठिकाणी त्याला 'टीपीए' म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली आणि १९९६ मध्ये तिथे या औषधाला स्ट्रोकसाठी मान्यता मिळाली. आता टेनेक्टेप्लेस हे त्याच कुळातलं औषधही वापरलं जातं. पुण्याची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी ते भारतात बनवते.

अल्टेप्लेसचा थोडा भाग एकदम आणि उरलेला तासभर सलाइनसारखा द्यावा लागतो. टेनेक्टेप्लेस एकाच झटक्यात देता येतं. रुग्णाला पुढे मोठ्या शहरात हलवायचं असेल, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. २०२२ मध्ये कॅनडातल्या सुमारे १,६०० रुग्णांच्या चाचणीत टेनेक्टेप्लेस अल्टेप्लेसपेक्षा कमी पडत नाही, असं दिसलं.

'बरा झाला' म्हणजे नेमकं काय?

घरच्यांच्या मनात 'बरा' म्हणजे पहिल्यासारखा. डॉक्टरांना मात्र हे मोजावं लागतं. त्यासाठी जगभर 'रँकिन स्केल' वापरतात. स्ट्रोकनंतर साधारण ९० दिवसांनी रुग्णाला ० ते ६ यातला एक आकडा दिला जातो.

• ० : कोणतंही लक्षण उरलं नाही.
• १ : थोडी लक्षणं आहेत, पण नेहमीची सगळी कामं जमतात.
• २ : आधीची सगळी कामं जमत नाहीत, पण स्वतःचं स्वतः करता येतं.
• ३ : काही कामांना मदत लागते, पण दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालता येतं.
• ४ : आधाराशिवाय चालता येत नाही.
• ५ : अंथरुणाला खिळून, सतत कुणीतरी जवळ लागतं.
• ६ : मृत्यू.

घरासाठी २ आणि ४ यातलं अंतर फार मोठं आहे. २ म्हणजे दादा औत धरणार नाहीत, पण अंघोळ-जेवण स्वतः करतील आणि पारावर जाऊन बसतील. ४ म्हणजे घरातल्या एका माणसाला काम सोडून त्यांच्याजवळ थांबावं लागेल. म्हणून 'बरे होतील का' याऐवजी 'तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकतील का' असं विचारलं, तर डॉक्टरांना जास्त नेमकं उत्तर देता येतं.

इंजेक्शनने किती जण बरे होतात?

२०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ९ चाचण्यांमधल्या ६,७५६ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. तीन महिन्यांनी किंवा त्यानंतर जवळजवळ पूर्ण बरे (रँकिन ० किंवा १) किती झाले, ते पाहिलं गेलं.

• ३ तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ३२.९ टक्के, न मिळालेल्यांपैकी २३.१ टक्के.
• ३ ते ४.५ तासांत मिळालेल्यांपैकी ३५.३ टक्के, न मिळालेल्यांपैकी ३०.१ टक्के.

म्हणजे पहिल्या ३ तासांत १०० जणांना इंजेक्शन दिलं, तर जवळजवळ पूर्ण बरे होणाऱ्यांत सुमारे १० जणांची भर पडते. पुढच्या दीड तासात ही भर निम्म्यावर, म्हणजे साधारण ५ वर येते.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, हे इंजेक्शन जादू नाही. ते मिळूनही अनेकांना काही ना काही अपंगत्व राहतं. दुसरी, इंजेक्शन न मिळालेलेही काही जण बरे होतात. त्यामुळे 'शेजारच्या गावातला अमुक कुठल्याशा पाल्याने बरा झाला' या गोष्टीत पाल्याचा वाटा किती आणि शरीराचा किती, हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

धोकाही आहे. १९९५ च्या त्या चाचणीत इंजेक्शन मिळालेल्या ६.४ टक्के रुग्णांना पहिल्या ३६ तासांत मेंदूत रक्तस्राव होऊन त्रास वाढला. न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ०.६ टक्के होतं. तरीही तीन महिन्यांनी इंजेक्शनच्या गटात मृत्यू जास्त नव्हते आणि अपंगत्व कमी होतं. डॉक्टर सही घेताना जो धोका सांगतात, तो हाच.

मग एका रुग्णाचा अंदाज कसा बांधतात?

२०१२ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन मिळालेल्या १,३१९ रुग्णांच्या माहितीवरून 'ड्रॅगन स्कोअर' तयार केला. नंतर तो स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या रुग्णांवर पडताळून पाहिला. ड्रॅगन हे सहा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनलेलं नाव. यात ० ते १० गुण असतात आणि गुण जितके कमी, तितकी बरं होण्याची शक्यता जास्त.

• सीटी स्कॅन : गुठळी अडकलेली रक्तवाहिनी पांढरी उठून दिसणं किंवा मेंदूला इजा झाल्याच्या सुरुवातीच्या खुणा. यातलं एक असेल तर १, दोन्ही असतील तर २ गुण.
• आधीची स्थिती : स्ट्रोकच्या आधीच रुग्णाला अपंगत्व असेल (रँकिन १ पेक्षा जास्त) तर १.
• वय : ६५ ते ७९ असेल तर १, ८० किंवा जास्त असेल तर २.
• रक्तातली साखर : दाखल होताना १४४ पेक्षा जास्त असेल तर १.
• वेळ : लक्षणं सुरू झाल्यापासून इंजेक्शनपर्यंत ९० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर १.
• स्ट्रोकची तीव्रता : ५ ते ९ असेल तर १, १० ते १५ असेल तर २, १५ पेक्षा जास्त असेल तर ३.

ही तीव्रता 'एनआयएचएसएस' नावाच्या तपासणीतून येते. डॉक्टर रुग्णाला हात वर धरायला, डोळे मिटायला, वस्तूंची नावं सांगायला लावतात. त्यावरून ० ते ४२ पर्यंत आकडा ठरतो. आकडा जितका मोठा, तितका स्ट्रोक गंभीर. अंदाज बांधताना सगळ्यात जास्त वजन याच आकड्याला आहे.

हेलसिंकीतल्या रुग्णांमध्ये ० किंवा १ गुण असलेल्यांपैकी ९६ टक्के तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते. २ गुणांना हे प्रमाण ८८ टक्के होतं आणि ३ गुणांना ७४ टक्के. ८ ते १० गुण असलेल्यांपैकी मात्र कुणीही त्या पातळीला पोहोचलं नाही.

जिंतूरच्या शेतकऱ्याचा स्कोअर किती?

आता आपल्या काल्पनिक उदाहरणाकडे परत येऊ. सीटी स्कॅनमध्ये वाईट खुणा नाहीत, म्हणून ०. स्ट्रोकआधी धडधाकट, म्हणून ०. वय ६२, म्हणून ०. साखर १२० धरू, म्हणून ०. इंजेक्शन मिळायला ३ तास लागले, म्हणून १. तीव्रता १२ धरली, म्हणून २. एकूण ३ गुण.

म्हणजे अशा १०० रुग्णांपैकी हेलसिंकीत ७४ जण तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर होते, तर ५ जण अंथरुणाला खिळलेले होते किंवा दगावले होते. बाकीचे या दोन्हींच्या मधले.

हेच शेतकरी परभणी शहरात राहत असते आणि त्यांना ८५ मिनिटांत इंजेक्शन मिळालं असतं, तर गुण झाले असते २. म्हणजे ७४ च्या जागी ८८.

वेळेला एकच गुण, मग एवढी घाई का?

स्कोअरमध्ये वेळ लहान दिसते, पण ती इतर रकान्यांमधूनही बोलते. रक्तपुरवठा तुटलेला राहिला की मेंदूचा आणखी भाग मरत जातो आणि सीटी स्कॅनवर खुणा उमटू लागतात. २००६ मध्ये अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी हिशेब मांडला होता. मोठ्या रक्तवाहिनीतल्या गुठळीच्या स्ट्रोकमध्ये उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ५८,३५३ रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं की इंजेक्शन जितकं १५-१५ मिनिटांनी लवकर मिळालं, तितके मृत्यू आणि रक्तस्राव कमी झाले आणि स्वतः चालत घरी जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वय बदलता येत नाही आणि स्ट्रोक किती मोठा येईल हे कुणाच्या हातात नाही. सहा गोष्टींपैकी त्या दिवशी घरच्यांच्या हातात असते ती फक्त वेळ.

ही वेळ रुग्णालयाच्या आतही वाचते. ड्रॅगन स्कोअर जिथे तयार झाला, त्या हेलसिंकीच्या रुग्णालयात १९९८ मध्ये रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शनपर्यंत साधारण १०५ मिनिटं लागत. २०११ पर्यंत हा आकडा २० मिनिटांवर आला. त्यासाठी त्यांनी रुग्णवाहिकेतूनच आगाऊ फोन, थेट सीटी स्कॅनच्या टेबलावर रुग्ण आणि तिथेच इंजेक्शन अशी पद्धत बसवली.

इंजेक्शननंतर अंदाज बदलतो का?

हो, आणि बऱ्याचदा जास्त नेमका होतो. दाखल होतानाचा अंदाज म्हणजे पेरणीच्या दिवशी पिकाचा अंदाज. २४ तासांनी रोप दिसू लागतं.

पहिला दिवस : इंजेक्शननंतर पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढे ६ तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तासांपर्यंत दर तासाला रुग्ण तपासला जातो. रक्तदाब १८०/१०५ च्या खाली ठेवतात. २४ तासांनी पुन्हा स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, ते पाहतात. या टप्प्यावर एनआयएचएसएसचा आकडा बराच खाली आला असेल, तर ती चांगली खूण असते. २४ तासांनंतरचा आकडा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा चांगला अंदाज देतो.

दुसरा-तिसरा दिवस : इथे एक साधी तपासणी कामाला येते. रुग्णाला लुळ्या हाताचा खांदा बाजूला उचलता येतो का? बोटं थोडी तरी सरळ करता येतात का? २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. दुसऱ्या दिवशी ज्यांना या दोन्ही हालचाली थोड्या तरी जमल्या, त्यांच्यात ६ महिन्यांनी हाताचा काही प्रमाणात वापर परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्यांना जमल्या नाहीत, त्यांच्यात ती २५ टक्के होती. हा अभ्यास फक्त इंजेक्शन मिळालेल्यांपुरता नव्हता, पण या तपासणीला कोणतंही यंत्र लागत नाही.

पुढचे तीन महिने : हालचालींमधली बरीचशी सुधारणा याच काळात होते. बोलण्यातली सुधारणा त्यानंतरही सुरू राहू शकते. इथे भारतातला एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अटेंड' चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांमधल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाईकांना घरी व्यायाम करून घ्यायचं शिकवलं गेलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. म्हणजे घरच्यांची मेहनत मोलाची असली, तरी तेवढ्यावर भागत नाही. फिजिओथेरपिस्टची जागा घरचे घेऊ शकत नाहीत.

स्कोअरवर किती भरवसा ठेवायचा?

स्कोअर गटाबद्दल सांगतो, माणसाबद्दल नाही. '७४ टक्के' म्हणजे दादा ७४ टक्के बरे होतील असं नाही. त्यांच्यासारख्या १०० जणांपैकी ७४ जण त्या पातळीला पोहोचले, एवढाच त्याचा अर्थ. दादा ७४ मध्ये असतील की २६ मध्ये, ते स्कोअर सांगू शकत नाही.

दुसरं, हे आकडे युरोपातले आहेत. तिथले रुग्ण वेगळे, रुग्णवाहिका वेगळी, घरी गेल्यानंतरची फिजिओथेरपी वेगळी. स्कॅन पाहून अंदाज बांधणाऱ्या एआयलाही हेच लागू होतं. ज्या रुग्णांच्या माहितीवर ती प्रणाली शिकली, त्यांच्यासारख्यांबद्दलच ती नीट सांगते. मराठवाड्यातल्या रुग्णांवर पडताळल्याशिवाय तिचे आकडे जसेच्या तसे धरता येत नाहीत.

तिसरा धोका जास्त गंभीर आहे. 'स्कोअर वाईट आहे, आता काही उपयोग नाही' असं मानून घरच्यांनी उपचार थांबवले, रुग्णाला घरी नेलं, तर भाकीत आपोआप खरं होतं. पण त्यात स्कोअर बरोबर होता की प्रयत्न कमी पडले, हे कधीच कळत नाही. म्हणून स्कोअर घरच्यांची मानसिक तयारी आणि पुढचं नियोजन यासाठी वापरायचा असतो, उपचार नाकारण्यासाठी नाही.

परभणीत वेळ कुठे जातो?

जिंतूर, गंगाखेड, पाथरी ही तालुक्याची गावं परभणीपासून साधारण ४०-४५ किलोमीटरवर. त्यापलीकडच्या वाड्या-तांड्यांवरून निघालं, तर अंतर आणखी वाढतं. नांदेड सुमारे ७५ किलोमीटर आणि छत्रपती संभाजीनगर त्याहून कितीतरी लांब. साडेचार तासांचा हिशेब इथे रस्त्यावरच संपू शकतो.

पण सगळा वेळ रस्त्यात जात नाही. 'थोडं झोपू द्या, बरं वाटेल' यात तो जातो. आधी गावातला डॉक्टर, मग तालुका, मग जिल्हा या पायऱ्यांत जातो. सीटी स्कॅन नसलेल्या दवाखान्यात थांबण्यात जातो.

ग्रामीण महाराष्ट्रातलं चित्र गडचिरोलीच्या अभ्यासातून दिसतं. 'सर्च' संस्थेचे डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांमधले १,५९९ मृत्यू तपासले. त्यातले २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू स्ट्रोकने झाले होते. सगळ्या कारणांमध्ये हे सर्वांत मोठं कारण होतं. आणि स्ट्रोकने गेलेल्यांपैकी ८७.३ टक्के घरीच गेले. जिथे माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, तिथे कोणताही स्कोअर कामाचा नाही.

लक्षणं दिसली तर काय करायचं?

• तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करा.
• लक्षणं किती वाजता सुरू झाली, ते लिहून ठेवा. माणूस झोपेतून उठतानाच असा दिसला, तर शेवटचा धडधाकट कधी पाहिला ती वेळ सांगा. घड्याळ तिथून सुरू होतं.
• निघण्याआधी फोन करून विचारा, "सीटी स्कॅन सुरू आहे का? गुठळीचं इंजेक्शन मिळेल का?" दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तिथेच जा.
• पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि रक्तस्रावाचा स्ट्रोक असेल, तर ॲस्पिरिनने नुकसान होतं.
• रुग्णाच्या सुरू असलेल्या गोळ्या सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा.
• लक्षणं १०-१५ मिनिटांत गेली तरी रुग्णालयात जा. तो मोठ्या स्ट्रोकचा इशारा असू शकतो.
• साडेचार तास उलटले तरी घरी थांबू नका. मोठी रक्तवाहिनी अडली असेल, तर निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते. ही सोय मोठ्या शहरांत असते.

आणि डॉक्टरांना काय विचारायचं?

'बरे होतील ना?' याचं उत्तर बहुतेक वेळा 'बघूया' असंच मिळतं. त्याऐवजी हे चार प्रश्न विचारा.

१. एनआयएचएसएस दाखल होताना किती होता, २४ तासांनी किती झाला?
२. दुसऱ्या स्कॅनमध्ये काय दिसलं?
३. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करण्याची शक्यता किती?
४. फिजिओथेरपी कधी आणि कुठे सुरू करायची?

योजनेतून उपचार मिळू शकतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

दादा पहिल्यासारखे चालतील का, याचा अंदाज आयसीयूत बांधला जातो. पण त्या अंदाजातला एक गुण सकाळी ७ वाजता, गोठ्यातच ठरायला सुरुवात झालेली असते.